पाच मीटरच्या आत

गळ्याच्या हाडाखाली हृदयाचे ठोके सांभाळणारे एक यंत्र बसवून काकू दवाखान्यातून घरी आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. ओट्याच्या टोकाला एक कोराकरकरीत ओव्हन बसला होता. आई घरी पोचायच्या आत तो पोचावा अशा बेताने मुलीने परगावाहून पाठवलेला. सोबत एक चिठ्ठी होती: 'बाबांना निदान गरम करून खाता येईल.'

"अहो," काकू म्हणाल्या, "ह्याच्यापासून मी किती लांब उभं राहायचं?"

असा प्रश्न त्या घरात एकाच माणसाला विचारता येत असे. सारी इमारत त्यांना कोशकार म्हणत असे. एकतीस वर्षे त्यांनी परिभाषेच्या कचेरीत, खिडकीकडे पाठ करून, विज्ञानातल्या परक्या शब्दांना आपल्या भाषेत घरे बांधून दिली होती. त्या घरांत पुढे कुणी राहायला गेले नाही, ही गोष्ट निराळी. लोक 'मायक्रोवेव्ह' म्हणत राहिले आणि 'सूक्ष्मलहरी' हा शब्द कुलूप लावलेल्या बंगल्यासारखा शब्दकोशात उभा राहिला. निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक घड्याळ मिळाले. त्यानंतर त्यांच्या शब्दाला किंमत देणारे एकच माणूस उरले होते, आणि ते आता स्वयंपाकघराच्या दारात, छातीवर हात ठेवून उभे होते.

कोशकारांनी कपाटातून बत्तीस पानांची एक पुस्तिका काढली. 'सूक्ष्मलहरींचे प्रारण आणि मानवी आरोग्य'. प्रारण म्हणजे लोकांचे रेडिएशन. नागरिकांसाठी कचेरीने काढलेली. अनुवाद त्यांचा, प्रुफेही त्यांनीच तपासलेली. काकूंनी चष्मा लावला, पान सात उघडले आणि मोठ्याने वाचले.

"'भट्टीच्या पृष्ठभागापासून पाच मीटर अंतरावर प्रारणाची गळती ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असावी. त्यापलीकडे ती अंतरागणिक झपाट्याने क्षीण होत जाते.' अगं बाई, पाच मीटर! आणि भट्टी म्हणजे हाच ना?"

"हाच. सूक्ष्मलहरी भट्टी."

"नुसतं नाव घेतलं तरी अंगाची लाही होते."

पाच मीटर हा आकडा कोशकारांनाही जरा ऐसपैस वाटला. त्यांनी डॉक्टरांना फोन लावून तो काकूंच्या कानाशी धरला. डॉक्टर घाईत होते, पण स्पष्ट बोलले. ओव्हन धडधाकट असेल आणि दार नीट लागत असेल तर खुशाल वापरा. त्याला छाती टेकून उभ्या राहू नका म्हणजे झालं.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण डॉक्टर तोंडी बोलतात हो. उद्या विचारायला जावं तर म्हणतील, मी कुठं असं म्हटलं! हे छापलेलं आहे." काकूंनी पुस्तिका छातीशी धरली. "आणि तुम्ही छापलेलं आहे."

कोशकारांनी फोन जागेवर ठेवला.

दुपारी काकूंचा डोळा लागल्यावर त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली. आपण तपासलेले प्रत्येक प्रूफ त्यांनी जपून ठेवले होते. चूक असलीच तर ती मुद्रकाची असणार, याची त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीला थोडी आशेची चवही होती. पान सात निघाले. मुद्रकाने बिनचूक जुळवले होते: '५ सेंमी.' त्यावर तांबड्या पेन्सिलीची एक आडवी, निःशंक रेघ होती. समासात लिहिले होते: 'संक्षेप नको. पूर्ण शब्द घ्यावा.' आणि खाली तो पूर्ण शब्द, ठसठशीत वळणाचा, त्यांच्याच हातचा: 'पाच मीटर'.

त्याच पानावर मुद्रकाने चौदा ठिकाणी 'प्रारण'ऐवजी 'प्राण' जुळवले होते. चौदा वेळा कोशकारांनी त्या प्राणात 'र' घातला होता. त्या धुमश्चक्रीत 'सेंटी' कधी निसटला, ते त्यांना कळलेच नव्हते. एका शब्दाचा जीव वाचवता वाचवता त्यांनी अंतर शंभर पटींनी वाढवून ठेवले होते.

हे काकूंना सांगायला हवे होते. आतल्या खोलीच्या दारापर्यंत ते गेलेसुद्धा. काकू पुस्तिका उशाशी ठेवून झोपल्या होत्या. दवाखान्यात गेल्यापासून त्यांना प्रथमच अशी शांत झोप लागलेली दिसत होती. हिचा एवढा एकच आधार, आणि तो आपल्या अक्षराचा, असे कोशकारांच्या मनात आले. तो आपल्याच हाताने काढून घ्यायचा? ते पावले न वाजवता परतले आणि पेटी पुन्हा माळ्यावर चढवली.

संध्याकाळी काकूंनी वरच्या मजल्यावरच्या शिंपीदादांकडून टेप मागवली. टेपेबरोबर शिंपीदादाही आले, कारण मापाचे काम दुसऱ्यावर सोपवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दीड मीटरची टेप ओव्हनच्या दारापासून तीनदा टाकली तेव्हा गॅलरीचा कठडा दहा सेंटीमीटरवर उरला.

"चार मीटर साठ," शिंपीदादांनी जाहीर केलं. "घर तोकडं पडतंय, काकू. चाळीस सेंटीमीटर कापड कमी आहे."

"म्हणजे मी कठड्याबाहेर लोंबकळू?"

"जिन्यात उभ्या राहा की. मध्ये भिंतही येते." ते टेप गुंडाळू लागले आणि अर्ध्यात थांबले. "एक सांगा, काका. हे पाच मीटर नुसते आडवेच, की वरसुद्धा?"

कोशकार हाडाचे शास्त्रनिष्ठ होते. सवयीने ते बोलून गेले, "प्रारण सर्व दिशांना समान जातं."

शिंपीदादांनी वर पाहिले. त्यांचे शिवणयंत्र बरोबर त्या ओट्याच्या डोक्यावर होते. अंतर जेमतेम तीन मीटर.

"तरीच!" ते हलक्या आवाजात म्हणाले. "तरीच गेले तीन दिवस कॉलर वाकडी बसतेय!"

"ओव्हन कालच आलाय," कोशकारांनी नजरेस आणून दिले.

"आधीपासूनच त्याचा परिणाम जाणवायला लागला असणार. प्रारण म्हणे! हा शब्दच असा आहे, काका, की ऐकल्याबरोबर कुणीतरी जारण-मारण करतंय असं वाटतं."

दुसऱ्या दिवशी शिंपीदादांना बरोबर घेऊन खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई आल्या. त्या इमारतीच्या सचिवही होत्या, त्यामुळे त्यांची तक्रार नेहमी दोन पदरी असे. आपल्या शिष्यांचा वरचा सूर लागत नाही, हे त्यांनी कलावंत म्हणून सांगितले आणि याची जबाबदारी कुणाची, असे सचिव म्हणून विचारले. काकूंनी पुस्तिका पुढे केली. बाईंनी ती उभ्या उभ्या चाळली.

"'अतितीव्र प्रारणामुळे शरीरातील ऊतींचे तापमान वाढते.' ऊती म्हणजे?"

"शरीर ज्या पेशीसमूहांचं बनलेलं असतं, ते," कोशकार म्हणाले. "आणि त्याच्या आधीचा शब्द पाहा. अतितीव्र. घरगुती भट्टीतून बाहेर येतं ते—"

"माझ्या डोक्याला मात्र काल दुपारपासून ऊत आलाय," बाई म्हणाल्या. "काका, तुम्ही हे इतकं स्वच्छ लिहून ठेवलंत आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत?"

तिघांच्याही नजरेत त्या क्षणी जो आदर होता, तसा कोशकारांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. बांधल्यापासून रिकाम्या पडलेल्या त्यांच्या बंगल्यात अखेर माणसे राहायला आली होती. ती भयभीत होती, पण घरमालकाला तेवढी निवड कुठून असणार? ते गप्प राहिले. आणि गप्प राहण्यात आपल्याला किंचित सुख वाटते आहे, हेही त्यांच्या लक्षात आले.

मग हिशेब सुरू झाला, मीटरांचा. ओव्हन काय एकट्या काकूंकडेच होता? शिंपीदादांकडे एक होता, गाण्याच्या बाईंकडे एक होता. प्रत्येकाभोवती पाच मीटरचे वर्तुळ काढल्यावर ती वर्तुळे एकमेकांत अशी गुंतली की जिनासुद्धा कुठे सुरक्षित उरला नाही. ओव्हन परत पाठवून दिला तरी काकू शेजाऱ्यांच्या वर्तुळात सापडणारच होत्या. सचिवबाईंनी सूचना लावली: कुणीही ओव्हन लावण्याआधी जिन्यातली घंटा तीनदा वाजवावी, सर्वांनी फाटकाजवळच्या बाकावर जमावे, काम झाल्यावर एकदा वाजवावी.

त्या दिवसापासून एक वाटी सूप गरम करायचे म्हटले तरी सारी इमारत खाली उतरू लागली. शिंपीदादा गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या धरून येत, बाई आपल्या शिष्यांना रांगेने घेऊन येत, आणि काकू एक हात कठड्यावर, एक हात गळ्याच्या हाडाखाली ठेवून, पायरी पायरी मोजत उतरत. वर एकटे कोशकार राहत. ओव्हन कुणाचाही असो, बटण कुणीतरी दाबायला हवेच होते.

"स्वतः आत राहतात बघा," शिंपीदादा टाचण्यांतून म्हणत. "ह्याला म्हणतात माणूस."

"त्यांचं सगळं आयुष्यच त्यात गेलं," काकू म्हणत.

खिडकीतून हे शब्द वर ऐकू येत. ओव्हनची काचेची तबकडी फिरत राही, पिवळ्या उजेडात सुपाची वाटी हळूहळू पाठ वळवी, पुन्हा तोंड दाखवी, आणि कोशकारांना वाटे, हा दिवा आपल्यावर रोखून कुणी तरी आपली उलटतपासणी घेत आहे.

आठवड्याभरात काकूंनी स्वयंपाकघरात जाणे सोडून दिले. ओव्हन बंद असतानाही. डाव्या फळीवर मिठाची बरणी आहे, हे त्या दारातून बोट दाखवून सांगत. चाळीस वर्षे ज्या खोलीत त्यांच्या परवानगीशिवाय चमचा हलला नव्हता, तिच्याकडे आता त्या परक्या घराकडे पाहावे तशा पाहत. एका सकाळी कोशकारांनी खिडकीतून खाली पाहिले. बाकावर सगळे गप्पा मारत होते. काकू मात्र टोकाला बसून ओठ हलवत होत्या. त्या जप करत नव्हत्या. सेकंद मोजत होत्या. घंटा वाजल्यावरही त्या मोजत राहिल्या.

त्याच दुपारी त्यांनी बॅग काढली.

"ताईकडे जाऊन राहते थोडे महिने," साडीची घडी घालत त्या म्हणाल्या. "तिचं बैठं घर आहे. चारी बाजूंना अंगण. वीस वीस मीटर कुणी नाही."

"थोडे महिने म्हणजे किती?"

"ते काय पुस्तिकेत दिलेलं नाही."

"आणि मी?"

"तुम्हाला येतंय की आता बटण दाबता."

 इतके दिवस आपण तिची श्रद्धा जपतो आहोत असे कोशकार स्वतःला सांगत आले होते. प्रत्यक्षात ते स्वतःचे नाव जपत होते, आणि त्या नावाच्या पायी आता 'अहो' म्हणून हाक मारणारे माणूसच घर सोडून निघाले होते.

तेवढ्यात शिंपीदादांची घंटा तीनदा झाली. सगळे बाकाशी जमले. त्या दिवशी कोशकारही खाली उतरले, आणि आयुष्यात प्रथमच तयारी न करता बोलले.

"ऐका सगळे. त्या पुस्तिकेत चूक आहे. पाच मीटर नाही, पाच सेंटीमीटर. एवढंसं." त्यांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवले. "आणि तेही गळती मोजायचं अंतर आहे, माणसानं उभं राहायचं नव्हे. चूक माझी आहे."

 शिंपीदादांनी टाचण्या ओठांतून काढून हातात घेतल्या आणि डोळे पुसले.

"काका, मोठं मन आहे तुमचं."

"मन कुठून आलं ह्यात? मी खरं सांगतोय!"

"कळतं हो. काकू जाऊ नयेत म्हणून माणूस स्वतःवर किती घेतो बघा. माझी बायको माहेरी निघाली तेव्हा मी साधी छत्रीसुद्धा आडवी धरली नव्हती."

"तोंडी निवेदन सचिव म्हणून मला स्वीकारता येणार नाही," गाण्याच्या बाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज ओला होता.

कोशकारांनी काकूंकडे पाहिले. काकू शांत होत्या.

"माझ्या समाधानासाठी पुस्तकाला खोटं पाडू नका," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत तुमची एक चूक निघालेली मला आठवत नाही. तुम्हीच सांगत आलात तसं."

हे खरेच होते. तेच सांगत आले होते. चूक कशी कबूल करतात हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून कबुली समोर उभी राहिली तरी तिला कुणी ओळखले नाही.

ते तसेच कोपऱ्यावरच्या छापखान्यात गेले. त्यांच्या कचेरीत एक रिवाज होता: छापून गेलेल्या ग्रंथात चूक आढळली तर तिचे शुद्धिपत्र काढायचे. इतरांची शुद्धिपत्रे कोशकारांनी शेकड्यांनी तपासली होती. स्वतःचे एकही काढले नव्हते. छापखान्याच्या टेबलाशी उभे राहून त्यांनी पाच ओळी लिहिल्या आणि त्यांना घाम फुटला. सहावी ओळ लिहिताना पेन दोनदा उचलले, दोनदा टेकवले. अखेर ती लिहिली. प्रूफ आल्यावर त्यांनी ते काना-मात्रा-वेलांटीसह चार वेळा वाचले.

संध्याकाळी प्रत्येक दारातून एकेक कागद आत सरकला.

'शुद्धिपत्र. पुस्तिका: सूक्ष्मलहरींचे प्रारण आणि मानवी आरोग्य. पान: सात. अशुद्ध: पाच मीटर. शुद्ध: पाच सेंटीमीटर. कृपया असे वाचावे. ही चूक मुद्रकाची नसून अनुवादकाची आहे.'

जिन्यात पहिल्यांदा शिंपीदादा बोलले. "छापलंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, चेहरा पडल्यासारखा करून, "पण मग कॉलर?"

"कॉलरचं शुद्धिपत्र तुम्ही काढा," खालून गाण्याच्या बाईंनी ऐकवले आणि सूचना भिंतीवरून टरकावून काढली. त्यांच्या शिष्यांचा सूर त्या संध्याकाळीही लागला नाही. पण आता तो नुसताच लागला नाही, त्यामागे शास्त्र राहिले नव्हते.

घरात काकूंनी कागद दिव्याखाली धरून वाचला. मग पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवले, शाई ओली आहे की काय ते पाहावे तसे. कोशकार खुर्चीत ताठ बसून शिक्षेची वाट पाहत होते. आता ती म्हणेल, एवढीशी गोष्ट तुम्हाला धड लिहिता आली नाही. किंवा काहीच म्हणणार नाही, आणि यापुढे कधीच विचारणार नाही. दुसऱ्या शक्यतेचीच त्यांना जास्त धास्ती होती.

 काकूंनी कागदाची घडी घातली, कोशकारांच्या टेबलावरचे पेन उचलले आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. दार लोटले गेले. बॅगेची चेन सरकल्याचा आवाज आला. ती उघडत होती की बंद होत होती, ते आवाजावरून सांगता येईना.

सकाळी कोशकार उठले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. ते धडपडत बाहेर आले. बॅग कोपऱ्यात होती, तोंड उघडे, आत काही नाही. टेबलावर शुद्धिपत्र पडले होते, आणि त्याच्या खालच्या कोऱ्या भागात काकूंचे बारीक, एकमेकांना बिलगलेले अक्षर होते. पद्धत कचेरीचीच होती. ती त्यांनी एका रात्रीत आत्मसात केली होती.

'पान: लग्नानंतरचा पहिला महिना. अशुद्ध: मीठ जास्त झालंय. शुद्ध: दमली असशील, बस जरा.

पान: मुलगी झाली तो दिवस. अशुद्ध: कचेरीत काम होतं. शुद्ध: यायला हवं होतं.

पान: निवृत्तीनंतर, रोज. अशुद्ध: तुला नाही कळायचं. शुद्ध: मला सांगता येत नाही.

वरील चुका अनुवादकाच्या.'

इथे एक रेघ ओढलेली होती. 

'पान: दवाखान्यातून आल्यापासून. अशुद्ध: मला ओव्हनची भीती वाटते. शुद्ध: मला भीती वाटते. ही चूक माझी.'

कोशकार बराच वेळ त्या शेवटच्या नोंदीपाशी थांबले. एकतीस वर्षे त्यांनी प्रत्येक वाक्यात शब्द भरले होते. एक शब्द गाळल्याने वाक्य इतके खरे होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता. मग ओव्हनचे दार लागल्याचा खट् असा आवाज आला, आणि पाठोपाठ ती मंद, एकसुरी घरघर. काकू ओव्हनशेजारीच उभ्या असाव्यात, कारण त्यांना घरघरीवर आवाज चढवावा लागला.

"अहो, कागद ठेवलाय टेबलावर! वाचलंत का?"

कागद हातात घेऊन कोशकार स्वयंपाकघराच्या दाराशी आले. 

"वाचलो," ते म्हणाले.